मंदाताई आणि आरशाचा डोळा

मंदाताईंना गाडीत बसल्या बसल्या सगळ्यात आधी खटकायचा तो आमचा स्कार्फ. नागपूरच्या उन्हात आम्ही बायका डोळे तेवढे उघडे ठेवून बाकी सगळं बांधून बाहेर पडतो. तशीच मी पहिल्या दिवशी त्यांच्या क्लासच्या लाल गाडीत जाऊन बसले. त्यांनी माझ्याकडे मान वळवूनही पाहिलं नाही.

"बँक लुटाले चालली का वं? काढ ते. बाजूचं काय दिसते तुले त्याच्यातून?"

मी मुकाट्यानं स्कार्फ काढला.

"आता आरसा लाव. काय दिसून राहिलं?"

"मागचा रस्ता."

"अजून?"

मी खरं ते सांगितलं, "माझा कान."

"कान काहून पाहिजे? कान घरी पाहजो."

चाळिशी ओलांडलेली, कळमेश्वरच्या कारखान्यात दहा माणसांवर ओरडणारी बाई मी, पण त्या दिवशी शाळेतल्या पोरीसारखी आरशाशी झटत बसले. राग आला होता, नाही असं नाही. आठवड्याभरात तो पार विरघळला, कारण मंदाताई सगळ्यांशी अशाच बोलायच्या. डॉक्टरीणबाई असो की भाजीवाली, त्यांच्या गाडीत सगळ्या सारख्या.

प्रताप नगरात त्यांचा ड्रायव्हिंगचा क्लास होता, फक्त बायकांसाठी. त्याआधी बरीच वर्षं त्यांनी शाळेची व्हॅन चालवली होती, आणि ती सवय काही गेली नव्हती. गाडी हलायच्या आधी "दार लागलं का?" विचारायच्या, आणि आपण "हो" म्हटलं तरी स्वतः हात लांब करून ओढून पाहायच्या. कडक इस्त्रीची सुती साडी आणि खाली पांढरे स्पोर्ट्स शूज. त्यांच्या बाजूला शिकवणाऱ्यासाठी वेगळा ब्रेक होता, त्यावर पाय कायम तयार. हॉर्नचा त्यांना भयंकर तिटकारा. मी एकदा उगाच वाजवला, तर म्हणाल्या, "त्यानं तुयं काय खाल्लं? जाऊ दे न त्याले." आणि कौतुकाचा शब्द एकच, "चालते." अंगावर मूठभर मांस चढायचं त्या एका "चालते"नं.

पण मंदाताई म्हटलं की मला आधी आठवतो तो त्यांचा फोन. आपण कुणाला काही चुकीचं शिकवलं असं कळलं की या बाईंना अन्न गोड लागत नसे. एका वर्षीच्या सगळ्या बायकांना त्यांनी सांगून ठेवलं होतं, उन्हाळ्यात टायरमध्ये हवा कमी ठेवायची, म्हणजे टायर फुटत नाही. पुढे कुणीतरी त्यांना दाखवून दिलं की हे उलट आहे, कमी हवेनंच टायर जास्त तापतं. झालं! त्या दिवशी त्यांनी क्लास बंद ठेवला आणि जुन्या सगळ्या विद्यार्थिनींना एकेक करून फोन लावले. हॅलो नाही, कशी आहेस नाही. "मी तुले चुकीचं सांगितलं होतं. हवा कमी नको करू. कंपनीनं सांगितली तेवढीच ठेवजो." एका बाईच्या मुलीचं लग्न चालू होतं, मंगलाष्टकं संपत आली होती, तरी मंदाताईंनी हवा पुरी भरायला सांगूनच फोन ठेवला. त्या बाई ही गोष्ट अजून हसून सांगतात.

मी गाडी शिकायला गेले ती हौसेनं नव्हे. आईच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या आणि आठवड्यातून तीनदा धंतोलीत डायलिसिसला न्यावं लागे. मला अर्धी सुटी काढून यावं लागायचं, म्हणून आम्ही दुपारची वेळ घेतली होती. सुटायला संध्याकाळ व्हायची, आणि थंडीत तर तेव्हा चांगला अंधार पडलेला असायचा. येताना आईच्या अंगात काही त्राण नसायचं. ऑटोत धक्के बसले की ओकारी यायची. टॅक्सीवाले "आलो मॅडम, आलो मॅडम" म्हणत ऐन वेळी रद्द करायचे, आणि मी तिला धरून फुटपाथवर उभी. भाऊ पुण्यात. तो दर फोनला म्हणायचा, "ताई, आईला इकडे आणतो. इथे सोसायटीच्या समोरच डायलिसिस सेंटर आहे." त्याचं काही चुकत नव्हतं. पण आईचा जीव इथे होता. ती म्हणायची, "इथं मले सारे ओळखते. तिथं मी लिफ्टमधली एक म्हातारी होऊन जाईन. मले नको पाठवू वं वैशाली." म्हणून मला गाडी यायलाच हवी होती. नाही आली, तर आई पुण्याला जाणार, हे ठरल्यातच जमा होतं.

दिवसा मी चांगली चालवायला लागले. संध्याकाळ झाली की माझे हात गळायचे. आपल्याकडे समोरून, मागून, प्रत्येकाचा दिवा अपरवर. मागच्या गाडीचा झोत आरशातून सरळ डोळ्यांत यायचा आणि समोरचा रस्ता क्षणभर पुसला जायचा. लाल गाडीच्या आरशाखाली एक खटका होता. तो ओढला की आरसा जरासा कलतो आणि झोत वर छताकडे जातो, मागचे दिवे फिके फिके दिसत राहतात. मंदाताईंनी तो शंभरदा करून घेतला. पण गिअर, क्लच, समोरची सायकल, यांत मला तो खटका वेळेवर आठवायचाच नाही. आठवला तर ओढलेला परत सोडायचा राहायचा.

"तुयं हे नाही जमत," एके दिवशी त्या म्हणाल्या. माझा चेहरा पडला. "अवं, खटक्याचं म्हणतो. तू आपोआप काळा होणारा आरसा असलेली गाडी घे. जुनी घे, पण तो आरसा पाहून घे."

अशी गाडी आम्ही दोघींनी मिळून शोधली. घ्यायच्या दिवशी भरदुपारी मंदाताईंनी त्या गाडीत बसून मला आरसा समजावला. आरशाला दोन बारीक डोळे होते. एक आरशाच्या पाठीवर, समोरच्या काचेकडे पाहणारा. दुसरा आमच्याकडे तोंड केलेला, खालच्या काळ्या चौकटीत, मसुराच्या दाण्याएवढा. समोरचा डोळा बाहेर अंधार आहे की उजेड ते पाहतो. मागचा डोळा मागून झोत येतो का ते पाहतो. बाहेर अंधार आणि मागून झोत, असं दोन्ही जुळलं, तरच आरसा काळा होतो. मंदाताईंनी समोरच्या डोळ्यावर अंगठा दाबला, म्हणजे आरशाच्या लेखी रात्र झाली. मग मोबाइलचा टॉर्च मागच्या डोळ्यावर मारला. आणि खरंच, आरसा हळूहळू निळसर काळा होत गेला, कुणी त्याच्या आत शाई सोडावी तसा. टॉर्च बंद केला, पुन्हा स्वच्छ.

"आत बारीक पडदा असते," मंदाताई ठामपणे म्हणाल्या. "मोटर त्याले खाली सोडते."

मी मान डोलावली. मला काय, काळा होतो ना, बस झालं.

पण तो काळा होईना! म्हणजे दिवसा अंगठा आणि टॉर्च लावला की व्हायचा, आणि संध्याकाळी आईला घेऊन निघाले की मख्खासारखा लख्ख. पहिल्या आठवड्यात वाटलं, मलाच जास्त वाटतंय. दुसऱ्या आठवड्यात एक मोठी गाडी मागे चिकटली. झोत असा आला की मला समोरचा दुभाजक दिसलाच नाही. चाक त्यावर चढलं, गाडीला दणका बसला, आणि आईचा सुया टोचायचा हात दारावर आपटला. हात सुजला. डॉक्टरांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती पुरे होती. भावाला कळवावंच लागलं. तो फोनवर ओरडला नाही, तेच वाईट. म्हणाला, "ताई, संक्रांतीला येतो आणि आईला घेऊन जातो. तू पुष्कळ केलंस." आई पलीकडे बसून ऐकत होती. तिनं नुसता पदर नीट केला आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

मी गाडी मेकॅनिककडे नेली. त्यानं अंगठा लावला, टॉर्च मारला, आरसा काळा. "मॅडम, इसमें कुछ फॉल्ट नहीं है." मग मी रडत मंदाताईंकडे गेले.

त्यांनी मला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "गाडी घे मी म्हटली होती न? मग हे माझ्या डोक्यावर आहे." दुसऱ्याच दिवशी त्यांनी भंगारवाल्याकडून तसलाच एक मोडका आरसा आणला. स्कूटरच्या बॅटरीला वायरी जोडून जेवायच्या टेबलावर त्याला ठेवलं, खिडक्यांना चादरी लावल्या, आणि अख्खी दुपार बाई टॉर्च घेऊन त्याच्याशी खेळत बसल्या. मला बोलावून घेतलं तेव्हा त्यांच्या बोटांना काहीतरी चिकट लागलेलं होतं.

"पडदा-बिडदा काही नाही वं. मोटर पण नाही. हे पाह्य."

आरशाला कोपऱ्यात तडा होता, आणि तिथून जेलीसारखं काहीतरी ओघळलं होतं. दोन काचा, त्यांच्या मध्ये हा पातळ थर. त्यातून थोडी वीज गेली की थर गडद होतो, वीज थांबली की परत पाण्यासारखा. काचेवर पडणारा उजेड तो थर गिळतो, म्हणून झोत डोळ्यांत खुपत नाही. मंदाताईंचा चेहरा अगदी खुलला होता. पण लगेच त्यांना आठवलं आणि त्यांनी कपाळाला हात लावला. "बाप्पा! मी माझ्या साऱ्या पोरीइले पडदा सांगितला आहे." झालं, फोन सुरू. मी समोर बसून ऐकत होते. "पडदा नाही, जेली आहे. मी चुकीचं सांगितलं होतं." पलीकडच्या बहुतेक बायकांच्या गाडीत तसला आरसाच नव्हता.

फोन संपल्यावर त्या म्हणाल्या, "आरसा चांगला आहे. वीज चांगली आहे. तरी संध्याकाळी काळा नाही होत, म्हणजे संध्याकाळी त्याले मागचं दिसत नसन. काहून नाही दिसत, ते गाडीत बसल्याशिवाय नाही समजायचं. उद्या मी मागे बसतो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या धंतोलीत आल्या. दवाखान्याच्या गल्लीत नेहमीची बोंबाबोंब. पार्किंगवाला हात हलवतोय, ऑटोवाला मध्ये घुसतोय, मी मागे-पुढे करून गाडी काढतेय. आई माझ्या शेजारी, कारण मागे बसलं की तिला मळमळायचं. मंदाताई मागच्या सीटवर मधोमध. आईनं नेहमीसारखा पर्समधून ओला नॅपकिन काढला आणि चेहरा पुसला.

आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो आणि मागून एका टेम्पोचा झोत आला. आरसा पुन्हा लख्ख. तेवढ्यात मागून मंदाताईंचा आवाज आला, अगदी शांत. "गाडी बाजूले घे. इंडिकेटर दे. हळू. हो, चालते."

मी थांबले. त्या दोन सीटच्या मधून पुढे वाकल्या आणि आरशाकडे बोट नेलं. त्यांच्या बोटाच्या टोकावर मी पाहिली, काळी टिकली. बाबा गेल्यापासून आई लावायची तसली, छोटी, गोल.

माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. घरी बेसिनच्या आरशाच्या कडेला आईच्या टिकल्या चिकटवलेल्या असतात. तोंड धुवायच्या आधी काढायची, आरशाला लावायची, तोंड पुसलं की परत कपाळावर. तुमच्या-आमच्या सगळ्यांच्या घरचा आरसा असाच असतो. आई गाडीतही तेच करत होती. डायलिसिसहून आली की चेहरा पुसायची, टिकली काढून आरशाच्या चौकटीवर लावायची, नेमकी त्या डोळ्यावर, कारण तिथे बोट टेकवायला मसुराएवढी गोल जागा होती. घर आलं की उतरायच्या आधी परत कपाळावर. काळ्या चौकटीवर काळी टिकली. आरशाचा मागचा डोळा तेवढ्या प्रवासापुरता बंद व्हायचा, आणि गाडी घरी लागायची तेव्हा पुन्हा उघडा असायचा. मी शेजारी बसून दर वेळी हे पाहत होते. पण आईचं ते करणं लहानपणापासून इतकं पाहिलेलं, की मला ते दिसतच नव्हतं.

मी तोंड उघडणार, तोच मंदाताईंनी माझा खांदा दाबला. चांगलाच जोरात.

"काय झालं वं?" आईनं विचारलं. घाबरली होती बिचारी. "माह्यामुळे काही झालं का?"

"नाही आजी, तुमच्यामुळे कायले? आरशाचा फ्यूज ढिला होता. बसवला मी." आणि बोटावरची टिकली त्यांनी हलकेच आईच्या कपाळावर लावली, दाबून, दोन भुवयांच्या बरोब्बर मध्ये. मग आईच्या समोरची उन्हाची झडप खाली ओढली. तिच्या आत एक छोटा आरसा होता. "हा पाहा, बायकांसाठी कंपनीनं वेगळा आरसा दिला आहे. तो वरचा वैशालीचा. त्याच्यात तुम्हाले तुमचं तोंड कुठे दिसते? टिकली-गिकली इथं लावत जा."

आईनं त्या आरशात पाहिलं. बऱ्याच दिवसांनी तिनं स्वतःला नीट पाहिलं असावं. म्हणाली, "बरं आहे न हे. मले कोणी सांगितलंच नाही."

मी गाडी काढली. पुढच्या चौकात मागून पुन्हा एक झोत आला, आणि आरसा काळा होत गेला. मागचे दिवे त्यात दोन फिके ठिपके होऊन राहिले. समोरचा रस्ता जिथल्या तिथे होता. मी हमसून हमसून रडले असते, पण मंदाताई मागे बसल्या होत्या आणि गाडी चालवताना रडलेलं त्यांना खपलं नसतं.

घरी पोचल्यावर आई आत गेली. मी अंगणात त्यांचे हात धरले. म्हटलं, "ताई, फ्यूज?"

"हो, फ्यूज." एवढंच म्हणाल्या, आणि माझ्याच फोनवरून माझ्या भावाला फोन लावला. "मी वैशालीची मास्तरीण बोलून राहिली. आरशात दोष होता, तो निघाला. आता तुमची बहीण गाडी चालवते. संक्रांतीले या, तिच्या मागे बसा, अन् मग काय ते ठरवा." भाऊ आला, दोन संध्याकाळी मागे बसला, तिळगूळ घेतला आणि एकटा परत गेला.

आई त्यानंतर दोन वर्षं जगली. तिच्या घरात, तिच्या लोकांत, शेवटपर्यंत "वैशाली मले गाडीनं नेते" असं येईल त्याला सांगत. ती गेली तेव्हा उशाशी शेजारच्या बायका होत्या, अनोळखी कुणी नव्हतं. हे सगळं मला मंदाताईंनी दिलं. आभार मानायला गेलं की त्या "फालतूचं नको बोलू" म्हणून झटकून टाकायच्या, म्हणून इथे लिहून टाकते. ताई, हे ऋण फिटायचं नाही, आणि मला ते फेडायचंही नाही.

आईचं दिवसकार्य झाल्यावर त्या भेटायला आल्या. तोवर त्यांना मोतीबिंदूचा त्रास सुरू झाला होता आणि क्लास बंद करून त्या मुलाकडे रायपूरला निघाल्या होत्या. बोलण्यात संध्याकाळ झाली. मी म्हटलं, घरी सोडते. त्या आईच्या जागेवर बसल्या. गल्ली जवळ आली तशी त्यांनी समोरची झडप खाली केली. आतल्या आरशाच्या कडेला आईच्या तीन-चार टिकल्या तशाच होत्या. मला त्या काढवल्या नव्हत्या.

मी विचारलं, "ताई, तुम्ही चुकीचं काही सांगितलं की रात्रभर झोपत नाही. आईला मात्र कधी खरं सांगितलं नाही?"

त्यांनी एका टिकलीची सुटलेली कड बोटानं दाबली. "सांगितलं असतं तर तिनं कपाळाले टिकली लावणंच सोडलं असतं वं." मग झडप हळूच वर केली. "ते चुकीचंच राहू दे."

त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी त्या उतरल्या. दार लावलं, पुन्हा ओढून पाहिलं. मी गाडी पुढे काढली, तोच मागून एक मोटारसायकल आली, दिवा अर्थातच अपरवर. आरसा काळा होऊ लागला. त्या निळसर अंधारात मंदाताई फिक्या फिक्या दिसत होत्या. साडी, खाली पांढरे बूट, रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून, हात वर करून त्या गाडीवाल्याला झापत होत्या. शब्द ऐकू येत नव्हते, पण मला ते पाठ होते. त्यानं मुकाट्यानं दिवा खाली केला. आरसा हळूहळू उजळला, आणि त्या पुन्हा स्वच्छ दिसल्या. मला जायची खूण करत होत्या.